ब्राउझरांची चढाओढ आणि मराठी अक्षर

मुंबईहून कोल्हापूरला आगगाडीने येणाऱ्या माणसाला १९७१ पूर्वी पुण्यास गाडी बदलावी लागे. मुंबई-पुणे मार्ग ब्रॉडगेजचा, म्हणजे साडेपाच फूट रुंदीच्या रुळांचा. आणि पुण्याहून मिरजमार्गे कोल्हापूरला येणारा मार्ग मीटरगेजचा. दोन्हीकडची इंजिने चांगली होती, डबे चांगले होते, माणसे कष्टाळू होती; पण रुळांचे माप जुळत नसल्यामुळे वळकटी नि ट्रंक उचलून उताऱ्यांना दुसरी गाडी गाठावी लागे. मालाचीही तीच गत. एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा. १९७१ साली आपल्याकडचा मार्ग ब्रॉडगेजचा झाला आणि मुंबईहून थेट गाडी कोल्हापूरच्या स्थानकात येऊ लागली. त्यासाठी नवे इंजिन शोधून काढावे लागले नाही. माप एक झाले, एवढेच.

आज ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, तो वरवर पाहता रेल्वेहून फार दूरचा आहे. इंटरनेटवरील पाने दाखवणारे जे ब्राउझर असतात, त्यांची आपापसातली झुंज आणि ती खेळताना त्यांनी पाळावयाची मानके, हा तो विषय. ‘हे संगणकवाल्यांचे भांडण, आम्हा गावकऱ्यांना त्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे, की या भांडणात मराठी अक्षराची दहाएक वर्षे अडकून पडली होती, आणि त्या काळात लिहिलेले पुष्कळ मराठी आज कोणाला वाचता येत नाही. तेव्हा हे भांडण आपल्या घरचेच आहे.

पान म्हणजे काय, ब्राउझर म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. इंटरनेटवरून आपल्याकडे येते ते पानाचे चित्र नसते. येतो तो साधा मजकूर आणि त्यात मधूनमधून पेरलेल्या खुणा. ‘येथून मथळा सुरू’, ‘येथे परिच्छेद संपला’, ‘येथे अमुक चित्र लावा’ अशा त्या सूचना असतात. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. रंग, अंतरे, अक्षरांचा आकार इत्यादी सजावटीच्या सूचनांना सीएसएस म्हणतात. ब्राउझर या सूचना वाचतो आणि त्यांबरहुकूम आपल्यासमोर पान मांडतो. जुन्या छापखान्यात लेखकाचे हस्तलिखित आणि समासातल्या सूचना पाहून जुळारी पान बांधीत असे. ब्राउझर हा आपल्या संगणकातला जुळारी होय.

आता एकच हस्तलिखित दोन जुळाऱ्यांकडे दिले आणि समासातल्या खुणेचा अर्थ दोघांनी वेगवेगळा केला, तर पाने वेगळी होणार. म्हणून खुणांचा अर्थ आधी ठरलेला असावा लागतो. हा ठरलेला अर्थ म्हणजेच मानक. जागतिक जाळ्याची कल्पना ज्यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत मांडली, त्या टिम बर्नर्स-ली यांनीच १९९४ साली ही मानके ठरवण्यासाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ नावाची संस्था स्थापन केली. या संस्थेपाशी पोलीस नाहीत, दंड नाही. तिने प्रसिद्ध केलेल्या मानकाला ती ‘शिफारस’ म्हणते. शिफारस पाळावी की न पाळावी, हे ब्राउझर करणाऱ्यांच्या मर्जीवर असते. आणि मर्जी म्हटली की तेथे स्वार्थ आलाच.

झुंज कशी झाली?

१९९४ च्या अखेरीस अमेरिकेत नेटस्केप कंपनीने आपला नॅव्हिगेटर हा ब्राउझर काढला आणि थोड्याच दिवसांत तो जगभर पसरला. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात आणला. म्हणजे आपण दारात पाऊल ठेवले तेव्हाच आत मारामारी सुरू झाली होती.

दोघेही पहिलवान तगडे. एकाने नवी खूण काढली की दुसऱ्याने निराळी काढावयाची, असा प्रकार सुरू झाला. नेटस्केपने अक्षरे लुकलुकवणारी ‘ब्लिंक’ ही खूण आणली, तर मायक्रोसॉफ्टने ओळ आडवी सरकवणारी ‘मार्की’ आणली. आपल्याकडील कित्येक संकेतस्थळांवर ‘सूचना... सूचना...’ असे म्हणत उजवीकडून डावीकडे धावणारी जी ओळ आपण पाहिली असेल, ती त्या लढाईतली लूट आहे. या खुणा कोणत्याही मानकात ठरल्या नव्हत्या. संकेतस्थळे करणाऱ्यांची त्यामुळे अशी ओढाताण झाली, की पानाच्या तळाशी ‘हे पान अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसते’ अशी पाटी लावण्याची प्रथाच पडली. स्थानकावर ‘येथे फक्त अमुक कंपनीच्या गाड्या थांबतील’ अशी पाटी लावावी, तसे हे झाले.

मायक्रोसॉफ्टच्या हाती एक मोठे शस्त्र होते. विंडोज ही संगणक चालवणारी प्रणाली त्यांचीच. त्यांनी ब्राउझर तिच्याबरोबर फुकट द्यावयास सुरुवात केली. यावरून मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो आदेश रद्द केला, परंतु मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका मुख्यत्वे कायम ठेवला. मात्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत मैदानातली कुस्ती निकाली झाली होती. नेटस्केप दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि दहांपैकी नऊ माणसे एक्सप्लोरर वापरू लागली होती.

पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती निघाली. सातवी निघाली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जगातला सर्वांत मोठा ब्राउझर जवळजवळ होता तेथेच उभा राहिला. त्यात मानकांच्या दृष्टीने पुष्कळ दोष होते. पण दुरुस्त करावयाचे कोणासाठी? समोर प्रतिस्पर्धी उरला नव्हता. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. तालमी अनेक असाव्यात, मल्ल एकमेकांना भिडावेत, पण हौदा एक, नियम एक आणि पंच एक असावा. तरच ती कुस्ती. नियम नसले तर ती मारामारी होते, आणि जोड नसली तर मल्ल नुसताच वजनाने वाढतो. १९९५ ते २००१ पर्यंत आपण पहिला प्रकार पाहिला, आणि २००१ ते २००६ पर्यंत दुसरा.

मराठी अक्षराची कोंडी

आता आपल्या अक्षराकडे वळू. संगणक अक्षर ओळखत नाही, तो आकडा ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकावरून पडद्यावर आकृती उमटते. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक फार पूर्वीच ठरून गेले. देवनागरीसाठी आपल्या देशाने ‘इस्की’ नावाचे मानक सिद्ध केले. भारतीय मानक ब्युरोने ते १९९१ साली स्वीकारले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच पायावर रचला गेला. म्हणजे १९९१ सालीच रुळांचे माप ठरले होते.

पण माप ठरणे वेगळे आणि रूळ पडणे वेगळे. बाजारातल्या संगणकांना हे क्रमांक समजत नव्हते, आणि छपाईचे काम तर थांबून चालणार नव्हते. म्हणून मराठी फाँट करणाऱ्या कंपन्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर त्यांनी मराठी आकृत्या बसवल्या. संगणकाला वाटे की आपण इंग्रजी लिहीत आहोत. पडद्यावर मात्र मराठी दिसे. युक्ती नामी होती, आणि तिच्यामुळे हजारो मराठी पुस्तके व वृत्तपत्रे छापून निघाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तिच्यात खोट अशी, की कोणत्या क्रमांकावर कोणती आकृती ठेवावयाची, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले. छापखान्यातल्या लाकडी केसमध्ये खिळ्यांचे खण असतात. एका छापखान्यात ‘क’ चा खण डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे असेल, तर एकीकडचा जुळारी दुसरीकडे सवयीने हात घालील आणि भलतेच शब्द जुळवील. येथे तेच झाले. लिहिणाऱ्याचा फाँट वाचणाऱ्यापाशी नसला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसे. मजकुरात ‘कोल्हापूर’ हा शब्द शोधावा म्हटले तर सापडत नसे. कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तेथे नव्हताच.

हीच वृत्तपत्रे १९९६-९७ नंतर इंटरनेटवर येऊ लागली, तेव्हा मराठीची गाठ ब्राउझरांच्या झुंजीशी पडली. वाचकापाशी फाँट नसेल तर तो पानाबरोबरच धाडावा, अशी सोय दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्तीत निघाली. परंतु दोघांनी ती वेगवेगळ्या तऱ्हेने केली. नेटस्केपचा फाँट एक्सप्लोररला चालेना, एक्सप्लोररचा नेटस्केपला. इंग्रजी वाचकाला या भेदामुळे फार तर अक्षराचे वळण बदललेले दिसे. मराठी वाचकाला मात्र पानच वाचता येत नसे. पुढे नेटस्केप मागे पडला, त्याच्या वारशातून निघालेल्या नव्या ब्राउझरांनी ती जुनी सोय टाकून दिली, आणि फाँट धाडण्याची एकच वाट उरली, ती एक्सप्लोररची. परदेशी असलेल्या मुलाने दुसरा संगणक, दुसरा ब्राउझर घेतला, की त्याला गावाकडचे वर्तमानपत्र वाचता येईनासे होई. एका परदेशी कंपनीच्या एका वस्तूवाचून मराठी मजकूर उघडत नाही, ही स्थिती कोणी हेतुपुरस्सर निर्माण केली नव्हती. मानक न पाळता आपली सोय पाहणाऱ्या प्रत्येकाच्या एकेका पावलाने ती निर्माण झाली होती.

याचा चटका आम्हाला स्वतःला बसला तो पुष्कळ उशिरा. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम १९९९ साली आमच्याकडे होते. तिच्यात जुन्या सभासदांच्या आठवणी मिळवून घातल्या होत्या. त्यांतील बहुतेकजण आज हयात नाहीत. वीस वर्षांनी ती पुन्हा काढावी असे ठरले. मजकूर संगणकात जपून ठेवला होता, तबकड्याही शाबूत होत्या. उघडून पाहतो तो एक शब्द लागेल तर शपथ! ज्या फाँटात तो लिहिला होता, तो आता कोणापाशी नव्हता. शेवटी एका सभासदाच्या माळ्यावर छापील प्रत मिळाली आणि एकशे साठ पाने दोघांनी बसून पुन्हा टंकित केली. ज्या चार आठवणी जागेअभावी छापावयाच्या राहिल्या होत्या, त्या कायमच्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वीचा मराठी अंक ग्रंथालयात हाती लागला, तर पाने पिवळी असली तरी आपण तो घडाघडा वाचतो. वीस वर्षांपूर्वीचा आमचाच मजकूर आम्हाला वाचता आला नाही. कागदाला वाळवी लागते, हे आपल्याला ठाऊक होते. अक्षराला मानक नसेल तर त्यालाही वाळवी लागते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

कोंडी फुटली कशी?

ती एका दिवसात फुटली नाही, आणि एका माणसाने फोडली नाही. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीत युनिकोडप्रमाणे देवनागरी लिहिण्याची सोय आली. तिच्याबरोबर येणारा ‘मंगल’ हा फाँट प्राध्यापक र. कृ. जोशी या आपल्या मराठी सुलेखनकाराने रेखला होता. युनिकोडच्या यादीत ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि ‘ळ’ चा २३५५. हे क्रमांक कोल्हापुरात, कॅलिफोर्नियात आणि टोकियोत सारखेच. मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच. म्हणून त्यातला पहिल्या दिवसांतला मजकूरही आज कोणत्याही भ्रमणध्वनीवर वाचता येतो. त्याच वर्षीची, जुन्या फाँटात अडकलेली कितीतरी पाने मात्र आज कोडी होऊन पडली आहेत.

मराठीच्या काही खास गरजा होत्या, त्याही हळूहळू मानकात बसल्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हिंदीला या दुसऱ्या आकृतीची गरज नाही, मराठीला आहे. तिच्यासाठी कोणते क्रमांक कोणत्या क्रमाने यावेत हे मानकात ठरलेले आहे. ब्राउझर आणि फाँट या दोघांनी ते पाळले तरच आपला समुद्र आणि आपल्या दऱ्या वेगळ्या राहतात. ‘ॲ’ या अक्षराला तर २००८ पर्यंत स्वतंत्र क्रमांकच नव्हता. ‘अ’ वर चंद्र देऊन काम भागवावे लागे. तो कोठे नीट बसे, तर कोठे त्याच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. एप्रिल २००८ च्या युनिकोडच्या आवृत्तीत त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला.

इकडे ब्राउझरांच्या बाजूलाही पालट होत होता. नेटस्केपने मरता मरता आपला कार्यक्रम १९९८ साली सर्वांसाठी खुला केला होता. त्यातून नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स निघाला आणि एक्सप्लोररला पुन्हा जोड मिळाली. मानकांचा आग्रह धरणाऱ्या मंडळींनी २००५ साली ‘ॲसिड-२’ नावाची एक परीक्षा काढली. ब्राउझरने एक पान उघडावयाचे. मानके बरोबर पाळली असतील तर हसरा चेहरा दिसणार, नसतील तर चित्र विस्कटणार. तांत्रिक वाद सामान्य माणसाला समजत नाहीत, पण वाकडा चेहरा समजतो. पहिल्या प्रथम सफारी हा ब्राउझर उत्तीर्ण झाला, मग इतर झाले, आणि २००९ साली आठव्या आवृत्तीत एक्सप्लोररही झाला. फाँट धाडण्याच्या ज्या दोन वाटांनी मराठीचे हाल केले होते, त्यांच्या जागी सर्वांना मान्य अशी एकच वाट डिसेंबर २०१२ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर निवृत्त केला.

मग आता सारे आलबेल आहे काय?

तसे म्हणवत नाही. आज जगातील सुमारे दोन-तृतीयांश लोक गूगलचा क्रोम वापरतात. ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये आपापले इंजिन सोडून क्रोमचेच इंजिन आत बसवले. डबे निरनिराळ्या रंगांचे दिसतात, इंजिन एकच. खऱ्या अर्थाने वेगळी म्हणावी अशी तीनच मोठी इंजिने उरली आहेत : क्रोमचे, ॲपलच्या सफारीचे आणि फायरफॉक्सचे. फायरफॉक्सचा वाटा तर फारच थोडा. क्रोम मानके पाळीत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ चांगल्या प्रकारे पाळतो. भीती निराळी आहे. संकेतस्थळ करणारा माणूस फक्त क्रोममध्ये पाहून ‘झाले’ म्हणू लागला, की हळूहळू ‘क्रोम करील ते मानक’ अशी स्थिती येते. रुळाचे माप पुस्तकात न राहता एका कंपनीच्या कारखान्यात जाऊन बसते.

यावर कोणी स्वदेशीचा उपाय सुचवतात. २०२३ साली केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला. पहिला क्रमांक झोहो या कंपनीला मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. मात्र ब्राउझर स्वदेशी झाला म्हणून आपले अक्षर आपोआप सुरक्षित होत नाही. ज्या जुन्या फाँटांनी आमची स्मरणिका गिळली, ते स्वदेशीच होते. आपले अक्षर वाचते ते ते उघड्या, सर्वांना ठाऊक असलेल्या आणि कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या मानकात लिहिले गेले म्हणून.

तेव्हा आपण गावकऱ्यांनी काय करावे? तीन साध्या गोष्टी करता येतील. आपल्या संस्थेचे अहवाल, स्मरणिका, इतिवृत्ते यांचा मजकूर युनिकोडमध्येच ठेवावयास सांगावा. छपाईसाठी दुसरा फाँट लागला तरी मूळ प्रत युनिकोडची असावी. जुन्या फाँटांत अडकलेला मजकूर असेल, तर तो वाचणारे कार्यक्रम आणि ते चालवणारी माणसे अद्याप आहेत तोवरच रूपांतरित करून घ्यावा. आणखी दहा वर्षांनी तेही मिळतील असे नाही. आणि कोणाकडून संकेतस्थळ करवून घेताना पैसे चुकते करण्यापूर्वी ते निदान दोन वेगवेगळ्या इंजिनांच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. एखाद्या कार्यालयाचा अर्ज एकाच ब्राउझरमध्ये भरता येत असेल, तर तसे लेखी कळवावे. ही तक्रार क्षुल्लक नाही. मानकामागे पोलीस नसतात, हे आपण आरंभी पाहिलेच. त्यामागे उभे राहतात ते असे विचारणारे लोक.

पुण्याच्या फलाटावर वळकटी उचलून धावणाऱ्या उताऱ्यांनाही, हे असेच असावयाचे, असे वर्षानुवर्षे वाटत असेल. ते तसे असावयाचे कारण नव्हते. आमच्या स्मरणिकेतल्या त्या चार आठवणी आता परत येणार नाहीत. पण आज आपल्या घरी कोणी वडीलधारे माणूस आपली हकीकत नातवाकडून संगणकावर लिहवून घेत असेल, तर ती कोणत्या अक्षरात लिहिली जात आहे, एवढे आजच पाहून ठेवणे आपल्या हाती आहे.